स्थळाचा बायोडाटा ग्रुपवर टाकण्याआधी

साताऱ्यात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे बायोडाटा करून घ्यायला रीघ लागते. पूर्वी कागदाच्या प्रती निघायच्या आणि कुठली प्रत कुणाकडे दिली हे मुलीच्या आईला तोंडपाठ असायचं. आता पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाते, तिथून वधू-वर ग्रुपवर. एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं असू शकतात आणि त्यातला कुणीही ती पुढच्या ग्रुपवर ढकलू शकतो. लग्न होऊन संसाराला लागलेल्या मुली सांगतात, "ताई, अजून स्थळासाठी फोन येतात. काहीजण रात्री मेसेजही करतात." म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

बायोडाटा दोन करा. एक ग्रुपसाठी, एक ज्यांनी फोन करून नीट चौकशी केली त्या घरासाठी. सगळी मेख या पहिल्या, ग्रुपवरच्या बायोडाटात आहे.

आपला नेहमीचा नमुना डोळ्यांसमोर आणा. वर गणपती, खाली मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, वडिलांची नोकरी, मामांचं नाव-गाव, घरचा पत्ता, दोन मोबाईल नंबर. आता यातलं 'मामा' घ्या. मामांचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, आणि ओळख पटवायला बँका वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारत आल्या आहेत. ई-पॅनच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. बँकेच्या स्टेटमेंटचा पासवर्डही बरेचदा नाव आणि जन्मतारीख जोडूनच केलेला असतो. एवढी माहिती एका पानावर, वर फोटोसकट, आपणच नेऊन देतो.

मग ग्रुपच्या प्रतीत काय ठेवायचं? नाव आणि आडनाव ठेवा, वडिलांचं नाव गाळा. जन्मतारखेऐवजी महिना आणि साल लिहा. इथे आया लगेच विचारतात, "मग पत्रिका कशी बघणार?" छत्तीस गुण जुळवायला रास, नक्षत्र आणि चरण पुरतात, नाडी आणि गण नक्षत्रावरूनच कळतात. मंगळासाठी पूर्ण कुंडली लागते, तर 'मंगळ नाही' किंवा 'सौम्य मंगळ' असं शब्दांत लिहून टाका. जन्मवेळ दुसऱ्या प्रतीत. मामांचं फक्त गाव ठेवा. देवक, उंची, शिक्षण, अपेक्षा बिनधास्त लिहा. नोकरीत क्षेत्र आणि शहर पुरे. कंपनीचं नाव आलं की मुलगी रोज कुठल्या गेटमधून बाहेर पडते तेही कळतं. पत्त्यात तालुका-जिल्हा बस. शेवटी एक ओळ टाका: 'सविस्तर पत्रिका व पत्ता संपर्कानंतर दिला जाईल.' लोकांना वाटेल काहीतरी लपवताहेत, ही भीती मला रोज ऐकू येते. या एका ओळीने ती बऱ्यापैकी जाते.

नंबर मुलीचा कधीच देऊ नका. वडिलांचा, काकांचा, किंवा शक्य असेल तर वेगळं सिम. ज्या फोनवर तो नंबर असेल त्यात व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी उघडा. प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि स्टेटस 'माझे संपर्क' वर ठेवा. तिथेच ग्रुप्स नावाचा पर्याय आहे, तोही 'माझे संपर्क' करा, म्हणजे अनोळखी माणूस थेट कुठल्याही ग्रुपात ओढणार नाही. मुलीच्या फोनवरही हेच करून घ्या.

फोटोत घराची पाटी, गाडीचा नंबर, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र दिसता कामा नये. फोटोवर फिकट अक्षरात 'फक्त स्थळासाठी' आणि ग्रुपचं नाव छापून घ्या, तेही खांद्यावरून आडवं. कोपऱ्यात छापलेलं कापून काढता येतं. ग्रुपचं नाव असलं की फोटो भलतीकडे दिसल्यावर तो कुठून गेला ते कळतं. सुटा फोटो पाठवताना फोटो म्हणूनच पाठवा; डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो कुठे काढला ती जागाही फाइलबरोबर जाऊ शकते.

आता माझ्याच धंद्यातली गोष्ट. बायोडाटा झाला की दुकानदाराला तुमच्यासमोर फाइल डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनमधूनही, आणि व्हॉट्सॲपच्या चॅटमधूनही. आधीच्या गिऱ्हाइकाचा बायोडाटा पुढच्याला नमुना म्हणून दाखवायची पद्धत आमच्याकडे सर्रास आहे, आणि मला ती अजिबात मान्य नाही. कुणाच्या तरी लेकीचा फोटो आणि नंबर असतो तो. नमुना बनावट नावाचाच हवा.

विवाह मंडळाने आधार मागितलं तर मास्क्ड आधार द्या. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

फोटो वापरून कुणी खोटं प्रोफाइल काढलंच तर आधी स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक जपून ठेवा, मग तिथे रिपोर्ट करा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. पोरीला 'फोटो कशाला दिलास' म्हणून बोलू नका. दिलेला आपणच असतो.

लग्न ठरलं की साखरपुड्याच्या गडबडीत हे राहून जातं: जिथे जिथे बायोडाटा टाकला त्या ग्रुपांची यादी काढा. स्वतः टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला जेमतेम अडीच दिवस मिळतात, म्हणून ॲडमिनला सांगा. त्याला एवढंच लिहा: "दादा, आमच्या मुलीचं लग्न ठरलं. बायोडाटा ग्रुपवरून काढून टाका आणि ज्यांना पाठवला असेल त्यांनाही तसं कळवा."