चेंबरचा, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघटनेचा, इतिहास लिहायचाय? आधी बैठकांच्या इतिवृत्ताच्या वह्या मागा

मी सुरुवातीला अध्यक्षांचे फोटो जमवत बसलो. दोन महिने फुकट गेले. तुम्ही थेट इतिवृत्ताच्या वह्या उघडा. ठराव काय झाला यापेक्षा त्याला विरोध कोणी केला, ते टिपा. जकात, विक्रीकर, रेल्वेच्या वाघिणी (मालडबे) यांवरची निवेदनं सावकाश वाचा; व्यापाऱ्यांचं खरं दुखणं तिथेच सापडतं. मग विचारा, ही संस्था मुळात निघाली कोणासाठी? मुंबईत १८३६ च्या बॉम्बे चेंबरवर युरोपीय व्यापाऱ्यांचा वरचष्मा, म्हणून १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर उभं राहिलं. उद्योगपती वालचंद हिराचंदांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर काढलं. स्मरणिकेतल्या तारखा मूळ कागदाशी ताडून घ्या. सत्कार समारंभांना एक ओळ पुरे.