व्हिडिओ डोअरबेल व्हॉइस असिस्टंटला जोडताय? रीसेटचं बटण दाबण्याआधी या चुका टाळा

व्हिडिओ डोअरबेल दाराला लागते, फोनवर दारातलं चित्र दिसायला लागतं आणि मग एकच काम उरतं: घरातल्या अलेक्साने किंवा गूगल असिस्टंटने "दारात कोणीतरी आलंय" असं सांगायला हवं. बहुतेकांची गाडी नेमकी इथेच अडते. स्पीकर गप्प बसतो किंवा बोलतो पण स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरत राहतं. मग वैतागून माणूस बेलच्या मागचं रीसेटचं बटण शोधायला लागतो.

माझं ठाम मत आहे की ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. रीसेट केलेली बेल पुन्हा जोडली की असिस्टंट तिला बऱ्याचदा नवीनच उपकरण समजतो. यादीत जुनी नोंद "प्रतिसाद नाही" असा शिक्का घेऊन तशीच राहते. बेल वाजली की दिवाणखान्यातला दिवा लागावा अशी काही रूटीन तुम्ही बांधली असतील, तर ती सगळी त्या जुन्या नोंदीला चिकटलेली असतात. मूळ दोष मात्र जिथे होता तिथेच असतो. म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधा, बटणाचं नंतर बघू.

बटण दाबल्यावर निरोप जातो कुठून?

बेल आणि स्पीकर एकमेकांशी थेट बोलतात असा समज असतो. बहुतेक बेलच्या बाबतीत तसं नसतं. बटण दाबलं की बेल वाय-फायवरून राउटरला निरोप देते आणि राउटर तो बेल बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तो सर्व्हर एकीकडे तुमच्या फोनला नोटिफिकेशन धाडतो आणि दुसरीकडे अ‍ॅमेझॉनच्या किंवा गूगलच्या सर्व्हरला कळवतो. तिथून निरोप परत तुमच्या घरी येतो आणि मग कुठे स्पीकर तोंड उघडतो. त्यामुळे एक-दोन सेकंदांचा उशीर हा बिघाड नव्हे. इंटरनेट बंद पडलं तर वाय-फाय चालू असूनही घोषणा होत नाही, त्याचंही कारण हेच. याच कारणासाठी जुनी वायरची घंटा काढून टाकू नका. असिस्टंटची घोषणा ही जोडीला मिळालेली सोय आहे, घंटेची जागा तिला देऊ नये.

हा मार्ग डोक्यात ठेवून एक चाचणी करा. फोनचं वाय-फाय बंद करून तो मोबाइल डेटावर ठेवा, घरातल्या कोणाला तरी दारात उभं करा आणि बटण दाबायला सांगा. स्पीकर आणि स्क्रीन तुमच्या समोर हवेत.

फोनवर काहीच आलं नाही, तर बेलच्या अ‍ॅपमध्ये झालेल्या घटनांची यादी उघडा. तिथे आत्ताच्या बटणाची नोंद दिसत असेल तर बेल ठणठणीत आहे, बहुधा फक्त फोनवर त्या अ‍ॅपच्या नोटिफिकेशनची परवानगी बंद आहे. नोंदच नसेल तर दोष विजेचा किंवा वाय-फायचा. अशा वेळी असिस्टंटच्या अ‍ॅपमध्ये शिरून काही उपयोग नाही.

फोनवर आलं पण स्पीकर गप्प राहिला, तर बेल आणि वाय-फाय दोन्ही निर्दोष आहेत. घोटाळा खात्यांच्या जोडणीत किंवा घोषणेच्या सेटिंगमध्ये आहे. बेलला हातही लावू नका.

स्पीकर बोलला पण स्क्रीनवर चित्र आलं नाही, तर खात्यांची जोडणीही ठीक आहे. अडलंय ते फक्त चित्र.

एवढ्या एका चाचणीने शोधाचं क्षेत्र खूप कमी होतं. खाली प्रत्येक टप्प्यावर होणाऱ्या चुका आहेत. तुमचा दोष ज्या टप्प्यात निघाला तेवढंच वाचलं तरी चालेल.

खोक्यावरच्या शिक्क्यावर भरवसा

"अलेक्सासोबत चालते" एवढं वाचून बेल घेऊ नका. या वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात: बटण दाबल्यावर घोषणा होणं, स्क्रीनवर थेट चित्र दिसणं आणि स्पीकरवरून दारातल्या माणसाशी बोलता येणं. काही बेल यातली एकच गोष्ट करतात आणि शिक्का मात्र तोच लावतात. रिंग ही कंपनी २०१८ पासून अ‍ॅमेझॉनची आहे, त्यामुळे तिचं सूत अलेक्साशी छान जुळतं, गूगलशी तितकं नाही. नेस्टची बेल गूगलची, पण ती अलेक्सालाही जोडता येते. अ‍ॅपलच्या होम अ‍ॅपमध्ये बेल हवी असेल तर ती होमकिटला, म्हणजे अ‍ॅपलच्या स्मार्ट घराच्या यंत्रणेला, साथ देणारी हवी. त्यात रेकॉर्डिंग ठेवायचं तर घरात होमपॉड किंवा अ‍ॅपल टीव्ही हबचं काम करायला लागतो.

"मॅटर आहे ना, मग सगळं जुळेल" हेही अर्धवट ऐकलेलं असतं. मॅटर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत यासाठीचं समाईक मानक. २०२२ मध्ये मॅटरची पहिली आवृत्ती आली तेव्हा त्यात कॅमेरे नव्हतेच. कॅमेरे आणि व्हिडिओ डोअरबेल आल्या त्या २०२५ च्या अखेरीस आलेल्या १.५ आवृत्तीत. म्हणजे त्याआधी घेतलेल्या बेलकडून ही अपेक्षा ठेवून चालणार नाही.

वाय-फाय: फोनला मिळतं म्हणून बेलला मिळेल असं नाही

कितीतरी बेल वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. जोडणी करताना फोन ५ गिगाहर्ट्झवर असला की अ‍ॅपला बेल सापडत नाही किंवा शेवटच्या पायरीवर येऊन सगळं फिसकटतं. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चं नेटवर्क वेगळ्या नावाने दाखवायची सोय असेल तर निदान जोडणीपुरती ती वापरा. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत ठेवली असेल तर जुन्या बेलना ते झेपत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालतील असा पर्याय निवडा. जोडणी होईपर्यंत फोनवरचा व्हीपीएन बंद ठेवा आणि अ‍ॅपला लोकेशन व लोकल नेटवर्कची परवानगी द्या. ही परवानगी नाकारली की अ‍ॅप कारण न सांगता नुसतंच "उपकरण सापडलं नाही" म्हणतं.

आता सिग्नलचं. दारात फोन धरून "फुल रेंज आहे" म्हणणारे एक विसरतात: त्या वेळी दार उघडं असतं. बेल मात्र बंद दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून बसते आणि तिचा अँटेना फोनच्या मानाने लहानसा असतो. दार लोखंडी असेल किंवा जाळीचं असेल तर सिग्नल आणखी पडतो. बहुतेक बेलच्या अ‍ॅपमध्ये "डिव्हाइस हेल्थ" सारख्या पानावर आरएसएसआय नावाचा, सिग्नलचा जोर सांगणारा आकडा असतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे ७० च्या पलीकडे गेला तर घोषणा होईल, पण चित्र अडखळेल. स्क्रू घट्ट करण्याआधी बेल जागेवर धरून, दार लावून हा आकडा पाहा. भिंतीला भोकं पाडल्यावर तो पाहून फारसा उपयोग नसतो.

बेल आणि स्पीकर एकाच नेटवर्कवर असायलाच हवेत, ही समजूत मात्र सोडून द्या. निरोप सर्व्हरवरून फिरून येत असल्यामुळे बेल पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर असली तरी घोषणा होते. फक्त त्या नेटवर्कला ब्राउझरमध्ये उघडणारं लॉगिनचं पान नको, कारण बेल ते भरू शकत नाही. आणि राउटर बदलताना नव्या राउटरला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि जुनाच सुरक्षेचा प्रकार द्या. बेल आपली आपण जोडली जाते, कशालाही हात लावावा लागत नाही.

वीज: दिवसा चालते, रात्री बंद पडते

ही तक्रार ओळखायला सोपी आहे आणि तरीही लोक वाय-फायच्या मागे लागतात. वायरवर चालणाऱ्या अनेक बेलना १६ ते २४ व्होल्ट एसी लागतात. जुन्या घंटेचा ट्रान्सफॉर्मर त्याहून कमी देत असेल तर दिवसा बेल कशीबशी तग धरते. अंधार पडला की रात्री दिसण्यासाठीचे बेलमधले इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची गरज वाढते आणि बेल स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते. असिस्टंटच्या यादीत ती कधी दिसते, कधी "ऑफलाइन" होते. बटण दाबलं की लगेच बेल गायब होते, हेही त्याच दुखण्याचं लक्षण. बेलच्या माहितीपत्रकातला आकडा आणि ट्रान्सफॉर्मरवर छापलेला आकडा समोरासमोर ठेवा. ट्रान्सफॉर्मर बदलायचा तर मेन स्विच बंद करून जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच बदला. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर एसीच्या जागी डीसी अ‍ॅडॉप्टर लावू नका.

घंटेचा प्रकार अ‍ॅपमध्ये चुकीचा निवडला की जुनी घंटा सतत गुणगुणते. ठोक्याची घंटा असेल तर मेकॅनिकल, सूर वाजवणारी असेल तर डिजिटल, आणि नसेल तर "नाही" निवडा.

बॅटरीच्या बेलचं वेगळं. ती बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेली असते, म्हणून "दार दाखव" म्हटल्यावर जागी व्हायला तिला काही सेकंद लागतात. शून्य अंशाखालच्या थंडीत लिथियम बॅटरी चार्ज होत नाही, तेव्हा ती घरात आणूनच चार्ज करा.

स्पीकर गप्प: खातं कोणाचं आहे?

एकापेक्षा जास्त माणसांच्या घरात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. स्पीकर नवऱ्याच्या खात्यावर नोंदवलेला, बेल बायकोने स्वतःच्या खात्यावर लावलेली आणि स्किल (बेलचं खातं अलेक्साला जोडणारं छोटं अ‍ॅप) मुलाने त्याच्या फोनवरच्या अलेक्सा अ‍ॅपमध्ये चालू केलेलं. तिघांच्याही अ‍ॅपमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि स्पीकर ढिम्म. स्किल चालू करायचं ते स्पीकर ज्या खात्यावर नोंदवला आहे त्याच खात्यात. त्यात लॉगिन करायचं ते बेलच्या मूळ मालकाच्या खात्याने. नुसती "शेअर" केलेली परवानगी असलेल्या खात्याने जोडलं तर बेल बऱ्याचदा यादीत येतच नाही. दोन्ही खात्यांचा देश वेगळा नोंदवलेला असेल तरी असंच होऊ शकतं.

बेलच्या खात्याचा पासवर्ड बदलला की जोडणी तुटू शकते आणि त्याची सूचना मिळेलच असं नाही. कालपर्यंत चाललेली घोषणा आज बंद पडली असेल तर आधी हे आठवून पाहा. स्किल बंद करून पुन्हा चालू करा, नव्याने लॉगिन करा आणि असिस्टंटला उपकरणं शोधायला सांगा. रीसेटची गरज नाही.

खातं बरोबर असेल तर घोषणेचं सेटिंग पाहा. अलेक्सा अ‍ॅपमध्ये बेल जोडली गेली म्हणजे घोषणा चालू झाली असं धरून चालू नका. डिव्हाइसमध्ये जाऊन बेल उघडा, तिच्या सेटिंगमध्ये डोअरबेल प्रेस अनाउन्समेंट नावाचं बटण असतं, ते चालू करा. शेजारीच हालचालीच्या घोषणेचं बटण असतं. दार रस्त्याकडे तोंड करून असेल तर ते बंदच ठेवा, नाहीतर दर माणसामागे स्पीकर बोलेल आणि घरातलं कोणीतरी वैतागून सगळंच बंद करेल. नेस्टच्या बेलमध्ये पाहुण्यांच्या घोषणेचा पर्याय गूगल होम अ‍ॅपमध्ये बेलच्या सेटिंगखाली मिळतो. घोषणा रोज ठरावीक वेळेलाच बंद पडत असेल तर स्पीकरवर डू नॉट डिस्टर्बचं वेळापत्रक लागलेलं आहे का ते पाहा.

नावाकडेही लक्ष द्या. बेलचं नाव "फ्रंट डोअर", कुलपाचं नाव "फ्रंट डोअर" आणि गटाचं नावही तेच असेल तर असिस्टंट चुकीची वस्तू उचलतो. प्रत्येकाला वेगळं, दोन शब्दांत मावणारं नाव द्या, आणि असिस्टंट ज्या भाषेवर लावला आहे त्याच भाषेतलं द्या. इंग्रजीवर लावलेल्या असिस्टंटला "अंगणाचं दार" हे नाव दर वेळी नीट समजेल याचा भरवसा नाही.

घोषणा होते, पण चित्र येत नाही

स्क्रीन नसलेल्या स्पीकरकडून चित्राची अपेक्षा नसावी, हे उघड आहे. त्याच्यावरून फक्त बोलता येतं, तेही बेलमध्ये तशी सोय असेल तर. स्क्रीन असूनही चक्रच फिरत असेल तर राउटरकडे पाहा. थेट चित्र बऱ्याचदा वेबआरटीसी नावाच्या पद्धतीने येतं आणि त्यासाठी राउटरमधून यूडीपी या प्रकारच्या डेटाला रस्ता मोकळा असावा लागतो. राउटरवर कडक फायरवॉल असेल किंवा राउटरवरच व्हीपीएन चालू असेल तर छोटासा निरोप पोचतो, पण चित्र अडतं. अपलोडचा वेगही तपासा. आपण सगळे डाउनलोड मोजतो, पण बेल चित्र वर पाठवते. तिच्या वाट्याला निदान २ एमबीपीएस अपलोड मिळायला हवं.

एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. बेलच्या अ‍ॅपमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू केलं की चित्राची किल्ली फक्त तुमच्या नोंदवलेल्या फोनकडे राहते. असिस्टंटच्या स्क्रीनकडे ती नसल्यामुळे चित्र उघडत नाही. हा दोष नाही, त्या सुरक्षेचा अर्थच तो आहे. दोन्हींपैकी काय हवं ते घरातल्यांनी मिळून ठरवावं.

दारातल्या माणसाशी बोलताना कर्कश शिट्टी येत असेल तर स्पीकर दाराच्या फार जवळ आहे. त्याला आत सरकवा किंवा आवाज कमी करा.

कुलूप जोडलं असेल तर

बेलसोबत स्मार्ट कुलूपही असिस्टंटला जोडणार असाल, तर आवाजाने उघडण्याची सोय पिनशिवाय ठेवू नका. उघड्या खिडकीजवळच्या स्पीकरला बाहेरून मोठ्याने दिलेली आज्ञाही ऐकू जाते. तो पिन बोलून सांगावा लागत असल्यामुळे पाहुण्यांच्या कानावर पडतोच, तेव्हा अधूनमधून बदला, आणि फोनचा किंवा बँकेचा पिन तिथे वापरू नका. बेल कोणाला देणार किंवा विकणार असाल तर आधी ती स्वतःच्या खात्यातून काढा. जुन्या मालकाच्या नावावर राहिलेली बेल नव्या माणसाला बऱ्याचदा जोडताच येत नाही, आणि तिथे रीसेटचं बटणही काही करू शकत नाही.