परग्रहावरचा जावई कसा लिहावा

पृथ्वीवरची बायको आणि परग्रहाचा राजदूत नवरा, अशी विज्ञानकथा दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलीत, तर नवऱ्याला डोळे किती हे शेवटी ठरवा. आधी त्यांच्या घरातल्या हवेचा दाब ठरवा. बायकोचा अख्खा दिवस त्या एका आकड्यावर चालतो.

समजा, त्याला आपल्या निम्माच दाब सोसतो. म्हणजे साधारण साडेपाच हजार मीटर उंचीची हवा. तिला धाप लागू नये म्हणून त्या हवेत ऑक्सिजन २१ऐवजी ४२ टक्के ठेवावा लागेल. नायट्रोजन कमी, त्यामुळे ज्योत भडकते. गॅसची शेगडी गेली, देवापुढची समईही गेली. (समईवरून भांडण होणारच, ते सोडू नका.) पाणी ८२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ कितीही रटरटू द्या, दाणा दाताखाली येतोच. कुकरही नेहमीसारखा चालत नाही. शिट्टीचं वजन बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरण (म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेइतका) जास्त दाब धरतं. म्हणजे आत दोनऐवजी दीडच, आणि तापमान १२१ऐवजी ११२ अंश. वरण जवळजवळ दुप्पट वेळ खातं. माहेरून आलेलं चिवड्याचं बंद पाकीट आत आणताच टम्म फुगतं. विरळ हवेत आवाज तितका लांब पोचत नाही, हाक दोनदा मारावी लागते. एवढं दाखवलंत की कथेत आकडा छापायची गरज उरत नाही.

नवऱ्याचं गाव प्रॉक्सिमा बी, म्हणजे सूर्याला सर्वांत जवळच्या ताऱ्याचा ग्रह, असेल तर अंतर ४.२४ प्रकाशवर्षं; प्रकाशाच्या वेगाने निघालेला निरोपही तिथे पोचायला सव्वाचार वर्षं घेतो. बाळ झाल्याचं कळवलं, की सासूबाईंचा ‘नाव काय ठेवलं?’ येईस्तोवर बाळ तिसरीत. सरकारचा हुकूमही तितकाच शिळा. नवशिके इथे हमखास घसरतात: पहिल्या पानावर निरोप तत्काळ पोचतो, शेवटच्या पानावर रडवायला प्रकाशाचा वेग आठवतो. एकच नियम धरा.

तिथलं वर्ष ११.२ दिवसांचं. विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) वराला २१ पूर्ण हवीत. त्याच्या हिशेबाने २१ म्हणजे आठ महिनेही नाहीत. नोटिशीच्या ३० दिवसांत निबंधकासमोर हे गणित घाला, प्रसंग आपोआप उभा राहतो.

कायदा मात्र खरा वापरा, तो कल्पनेपेक्षा चमत्कारिक आहे. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१च्या व्हिएन्ना कराराच्या ३७व्या कलमाने राजदूताच्या कुटुंबाला संरक्षण मिळतं, पण यजमान देशाच्या नागरिकांना नाही. दिल्लीतल्या त्या घरात पोलिसांना परवानगीशिवाय शिरता येत नाही. ती फाटकाबाहेर आली की चारचौघींसारखीच. मुलाचा जन्म भारतात झाला तरी बापाच्या राजनैतिक संरक्षणामुळे ते जन्माने भारतीय ठरत नाही. आणि ९व्या कलमाने यजमान देश राजदूताला कारण न देता परत धाडू शकतो. प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाच्या वेगाने गेलं तरी घर गाठायला त्याला ४२ वर्षं. ती सोबत जाते की वरणाचा कुकर उतरवून मागे राहते, हे कथा लिहायला बसण्याआधी ठरवून घ्या.