थंडी पडू लागली की शेततळ्यातल्या माशांना खाद्य कसं द्यायचं

कोजागिरी झाली की नाशिककडे पहाटे पांघरूण ओढावं लागतं, आणि दिवाळी उलटली की निफाडचा पारा रोज बातम्यांत दिसायला लागतो. शेततळ्यातले मासे याच दिवसांत हातचे जातात. बहुतेक वेळा ते थंडीनं जात नाहीत, खाद्यानं जातात. ऑक्टोबरच्या उन्हात मासा दणकून खात असतो, त्याच सवयीनं नोव्हेंबरातही तेवढंच खाद्य पडत राहतं. मासा ते खात नाही. मग ते तळाशी अंथरलेल्या प्लॅस्टिक कागदावर साचतं आणि सडतं. मातीच्या तळ्यात निदान गाळ थोडी घाण पोटात घेतो. प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात ती जिथल्या तिथे राहते आणि डिसेंबरच्या एखाद्या पहाटे वर येते.

पुढची सगळी मापं ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, कागद घातलेल्या शेततळ्याची आहेत. काठोकाठ भरलं तर त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी बसतं. मासे रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प). पंगस आणि रूपचंद थंडीला कच्चे असतात, पाणी १५ अंशांकडे उतरलं की ते तग धरत नाहीत. ते देवदिवाळीच्या आत विकून मोकळं व्हायचं, त्यांच्यासाठी खाद्याचं गणित मांडत बसायचं नाही.

१. ऑक्टोबर सरता सरता एकदा जाळं मारून वजन घ्या

फेकजाळ्यानं २०-२५ मासे काढा, टोपलीत एकत्र तोला, सरासरी काढा. ८०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली असेल तर ८० टक्के जगली असं धरायचं, म्हणजे ६४०. सरासरी ४०० ग्रॅम भरली तर तळ्यात २५६ किलो मासा आहे. हा आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं गणित यावरच चालतं.

यानंतर थेट फेब्रुवारीपर्यंत जाळं मारायचं नाही. थंड पाण्यात खवले निघालेली जागा लवकर भरून येत नाही, तिथे बुरशी धरते, आणि लाल चट्ट्यांचा रोगही याच दिवसांत शिरतो.

२. तळ साफ करा

तळं शेजारच्या जमिनीपेक्षा उंच असेल तर २ इंची पाइपानं सायफन लावा, नाहीतर मडपंप (गाळ उपसणारा पंप). निघालेलं काळं पाणी कांद्याला किंवा बागेला सोडा. कागदावर शेवाळ धरलेलं असतं, पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. त्यामुळे काठाला गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम बांधलेली हवी आणि काम करताना दुसरा माणूस सोबत हवा. यात हयगय करू नका.

३. पारा हवेचा नाही, पाण्याचा बघा

खरी अडचण इथे आहे. “निफाड ७ अंशांवर आलं, खाद्य बंद करा” हा सल्ला जितका चुकीचा, तितकाच “दुपारी ऊन कडक आहे, मासा खातो, टाका” हाही चुकीचा. हवा एका रात्रीत १० अंशांनी उतरते, २२ लाख लिटर पाणी तसं उतरत नाही. थंडीच्या पहिल्या लाटेत हवा ८ अंशांवर असताना पाणी २१-२२ अंशांवर असू शकतं. उलट लाट आठवडाभर टिकली तर दुपारी अंगात घाम येतो तेव्हाही मीटरभर खाली पाणी १८ च्या आत असतं. हाताला लागतं ते वरचं वीतभर पाणी. मासा तिथे नसतो.

मोजायची पद्धत साधी आहे. प्लॅस्टिकची १ लिटरची रुंद तोंडाची बरणी घ्या. तिच्यात काचेचा थर्मामीटर उभा बसवा आणि बुडाला धोंडा बांधा. तोंड उघडं ठेवून १ मीटरवर गाठ मारलेल्या दोरीनं ती पाण्यात सोडा. पाच मिनिटं थांबा. वर ओढताना बरणीत त्याच खोलीचं पाणी भरलेलं येतं, त्यामुळे आकडा वाचेपर्यंत पारा हलत नाही. नुसता थर्मामीटर दोरीला बांधून बुडवला तर वर येईपर्यंत तो वरच्या पाण्याचा आकडा दाखवायला लागतो, आणि नेमका तिथेच हिशोब फसतो.

रोज सूर्य उगवायच्या सुमारास मोजायचं. दुपारचा आकडा वहीत लिहिला तर लिहा, पण खाद्य सकाळच्याच आकड्यावर ठरवा. माशाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते. पाणी गार झालं की त्याचं पोटही मंदावतं. २८ अंशांना काही तासांत पचणारं खाद्य १८ अंशांना दिवस दिवस पोटात राहतं. दुपारी दोनला खाल्लेलं त्याला रात्रीच्या पाण्यात पचवायचं असतं, म्हणून सकाळचा आकडा महत्त्वाचा.

त्या आकड्यावरून प्रमाण असं (टक्के तळ्यातल्या एकूण माशांच्या वजनाचे, किलो आपल्या २५६ किलोच्या तळ्यासाठी):

२४ च्या वर: २ टक्के, म्हणजे ५ किलो, दोन वेळांत.
२२ ते २४: दीड टक्का, ३.८ किलो.
२० ते २२: १ टक्का, अडीच किलो, एकाच वेळी.
१८ ते २०: अर्धा टक्का, सव्वा किलो.
१६ ते १८: तेवढंच, पण दिवसाआड.
१६ च्या खाली: बंद.

४. कमी करायचं त्याच दिवशी, वाढवायचं तीन दिवसांनी

प्रमाण पाठ असूनही मासे घालवतात ते या पायरीवर. नाशिकची थंडी सरळ रेषेत येत नाही. चार दिवस कडाका, मग ढग येतात, रात्री उबदार होतात, पाणी दोन अंशांनी चढतं आणि मासा वर येऊन फिरायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं भूक लागली. दोन दिवस भरपूर खाद्य पडतं. तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि पाणी परत खाली. आता माशाच्या पोटात न पचलेलं खाद्य आहे, तळाला न खाल्लेलं आहे आणि थंडीही आहे.

त्यावर ढगाळ दिवसांची आणखी एक खोट. ऊन नसलं की पाण्यातलं हिरवं शेवाळ प्राणवायू कमी तयार करतं, म्हणजे जास्त खाद्य नेमकं कमी प्राणवायूच्या दिवशी पडतं. म्हणून आकडा उतरला तर त्याच दिवशी खाद्य उतरवा, आणि चढला तर सलग तीन सकाळी वरचा आकडा मिळाल्याशिवाय मूठभरही वाढवू नका. पूर्ण ढगाळ दिवशी आकडा काहीही असो, निम्मं करा. पाऊस असेल तर त्या दिवशी काहीच नको.

“उपाशी राहिला तर मासा मरेल” ही भीती डोक्यातून काढून टाका. अर्ध्या किलोच्या आसपासचा रोहू थंड पाण्यात कित्येक आठवडे खाद्याविना राहतो, थोडं वजन उतरतं इतकंच. मासा उपासानं मरत नाही, सडलेल्या तळानं मरतो. “शेण टाका, पाणी गरम राहतं” असंही सांगतात. पाणी गरम होत नाही, शेण कुजताना प्राणवायू मात्र संपतो. कागदाच्या तळ्यात थंडीत शेण टाकू नका.

५. वेळ आणि जागा

सकाळी लवकर खाद्य देऊ नका. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. दुपारी बारा ते दोनच्या मध्ये, रोज एकाच कोपऱ्यात, ऊन जास्त वेळ राहतं त्या बाजूला द्या.

६. ट्रे सांगेल ते ऐका

पाणी २० च्या वर असेपर्यंत तरंगणारं खाद्य चालतं. पीव्हीसी पाइपाची चौकट पाण्यावर तरंगत ठेवून तिच्यात टाका, वीस मिनिटांत उरलेलं चाळणीनं काढून घ्या. २० च्या खाली मासा वर येत नाही, म्हणून ट्रे वापरायचा. २ फूट बाय २ फुटांची लोखंडी सळईची चौकट, तिला मच्छरदाणीचं कापड, चारी कोपऱ्यांना दोऱ्या. अशा दोन चौकटी मीटरभर खोल सोडा. भिजवून घट्ट गोळे केलेलं खाद्य त्यात ठेवा आणि दोन तासांनी उचला. ट्रे स्वच्छ आला तर प्रमाण बरोबर आहे. गोळ्याच्या कडा नुसत्या कुरतडलेल्या आणि मधला गाभा शाबूत असेल तर दुसऱ्या दिवशी निम्मं. गोळा जसाच्या तसा, वरून बुळबुळीत झालेला आला तर दोन दिवस बंद, मग थर्मामीटर काहीही सांगो. प्रमाण आणि ट्रे यांचं पटलं नाही तर ट्रेचं मानायचं.

गोळ्यांसाठी शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा उन्हाळ्यात निम्मे-निम्मे घेतात, थंडीत पेंड एक भाग आणि कोंडा दोन भाग ठेवा. पेंडेतलं न पचलेलं प्रथिन शेवटी पाण्यात विषारी अमोनिया म्हणूनच उतरतं. घोटीच्या भात गिरण्यांत ताजा कोंडा मिळतो, पण महिन्याभराचाच घ्या, कोंड्यातलं तेल खवट होतं. पावसाळ्यात ओल धरलेली, आतून हिरवी-काळी बुरशी आलेली पेंड उन्हात वाळवूनही वापरायची नाही. बुरशीचं विष वाळवल्यानं जात नाही.

७. पहाटे मासे वर येऊन तोंड मारू लागले तर

रात्री वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं आणि तळाचं प्राणवायू नसलेलं, कुजक्या अंड्यासारख्या वासाचं पाणी वर येतं. खाद्य लगेच बंद करा. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल तर मोटर लावून तळ्यातलंच वरचं पाणी उचला आणि फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडा, सूर्य चांगला वर येईपर्यंत. विहिरीचं पाणी हिवाळ्यात तळ्यापेक्षा उबदार असतं, ते सोडलं तर फायदाच आहे, पण फवारूनच. विहिरी-बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, थेट पाइप बुडवून सोडू नका. मासे पूर्ववत होऊन तीन दिवस गेले की प्रमाणाच्या निम्म्यानं परत सुरू करा.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला पाणी उचललं जातं आणि तळं उतरत जातं, हे खाद्य ठरवताना विसरतात. मासा तेवढाच आणि पाणी निम्मं झालं, तर खाद्यही निम्मं करा. उथळ पाणी रात्रीतून जास्त गार होतं, म्हणून दीड मीटरच्या खाली पातळी जाऊ देऊ नका. फवारणीची टाकी धुतलेलं पाणी तळ्याच्या चरात वळणार नाही हेही बघा.

८. परत वाढवताना

महाशिवरात्रीच्या सुमारास सकाळचा आकडा सलग तीन दिवस २० च्या वर आला की अर्ध्या टक्क्यानं सुरुवात करा. आठवड्यानं ट्रे साफ येत असेल तर १ टक्का. मग एकदा जाळं मारून नवं वजन घ्या आणि ऑक्टोबरचा आकडा खोडून तिथे तो लिहा.