ट्रफल शोधायला आल्बाला जाताय? मग या चुका टाळा

ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी, वासासाठी भाव खाणारी बुरशी. ऑगस्टमध्ये इटलीला जाऊन पांढरं ट्रफल जमिनीतून निघताना पाहिलं, असं कुणी सांगितलं की समजावं, काहीतरी गडबड आहे. ऑगस्टमध्ये निघतं ते काळं, खरबरीत सालीचं उन्हाळी ट्रफल, तिथल्या भाषेत स्कोर्त्सोने. वाईट नसतं ते, पण त्याचा वास अगदी सौम्य. ज्याच्यासाठी लोक वेडे होतात ते पांढरं ट्रफल पिएमोंते प्रांतातल्या आल्बा गावाभोवतालच्या लांगे टेकड्यांत शरद ऋतूत सापडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्याचा भर. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी नेमकी हंगामात पडते, तरीही आपण युरोप मे महिन्यातच उरकतो.

ही पहिली आणि सगळ्यात महाग चूक, आणि ती घरी बसून बुकिंग करतानाच होते. ट्रफलला चव अशी फारशी नाही, पैसे वासाचे असतात. पुढच्या बहुतेक चुकाही त्या वासाशीच येऊन ठेपतात.

आल्बाचा ट्रफल मेळा ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरपर्यंत चालतो, पण गर्दी शनिवार-रविवारी. शोधायला जायचं ते मधल्या वारी ठरवा. तोरिनोहून आल्बा साठ-एक किलोमीटर, रेल्वेनं जाता येतं. गाडी भाड्यानं घेणार असाल तर चालवणाऱ्यानं बारोलो-बार्बेरा या तिथल्या वाइनच्या पेल्याला नुसतं नाक लावावं. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि लांगेचे रस्ते घाटाचे.

कुत्र्यानं पाच मिनिटांत काढलं, म्हणजे फसवलं?

आमच्या गटात यावरून चांगलंच वाजलं. ट्रफल वासावरून शोधणारा कुत्रा सोडला, तो एका ओकच्या झाडाखाली गेला, उकरलं आणि निघालं ट्रफल! मागून एक काका म्हणाले, "हे आधीच पुरून ठेवलं होतं." काकांचं बरोबर होतं. पर्यटकांच्या फेरीत बऱ्याचदा एखादं ट्रफल आधी पुरून ठेवतात, नाहीतर बाराजण चिखल तुडवून रिकाम्या हातानं परततील. याला फसवणूक म्हणायचं का, हे तुम्हाला आधी काय सांगितलं होतं त्यावर आहे. म्हणून बुकिंग करतानाच सरळ विचारा: प्रात्यक्षिक आहे की खरा शोध? आणि खऱ्या शोधात काहीच मिळालं नाही तर?

खरा त्रिफुलाऊ, म्हणजे ट्रफल शोधणारा, रात्री एकटाच कुत्रा घेऊन निघतो आणि जागा कुणाला सांगत नाही. कोकणात अळंबीची जागा शेजाऱ्याला कळू देत नाहीत, तसंच हे. त्यामुळे "ही जागा नकाशावर दाखवता का?" हा प्रश्न विचारून त्याला अडचणीत आणू नका. फोटोवर ठिकाणाची खूण टाकणं हाही तोच आगाऊपणा.

कुत्र्याला बिस्किट देणं ही सगळ्यात गोड वाटणारी चूक. शोधून काढल्यावर खाऊ मिळतो, या एका हिशेबावर त्याचं सगळं शिक्षण उभं आहे. वरून, प्रतिस्पर्ध्याची कुत्री मारायला जंगलात विषारी खाऊ टाकण्याचे प्रकार तिथे खरोखर होतात. परक्याच्या हातून त्यानं काही खावं, हे मालकाला नकोच असतं. कुत्र्याच्या पुढे चालू नका, आणि त्यानं उकरायला सुरुवात केली की मोबाइल घेऊन वाकू नका. खड्डा परत बुजवायला चार मिनिटं लागली तर कंटाळू नका. तो कायदाच आहे, कारण खालची बुरशी जगली तरच पुढच्या वर्षी तिथे काही मिळेल. पूर्वी शोधायला डुकरं वापरत, पण ती हाच खालचा भाग उद्ध्वस्त करत, म्हणून इटलीनं 1985 पासून त्यांना या कामावरून काढलं. हे सगळं ज्ञान 2021 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं.

अमृतांजन बॅगेतच ठेवा

घाटात मळमळतं, मग गाडीत बाम फिरतो. उतरताना वर सेंटचा फवारा. अशा हातांनी ट्रफल नाकाशी धरून "मला तर काहीच वास येत नाही बाई" म्हणणाऱ्या काकू मी पाहिल्या आहेत. आल्याची वडी चघळा, भागतं.

जेवणाचं मात्र आधीच बोलून ठेवा. नुसतं "व्हेज" सांगून चालत नाही. तायारिन या केसासारख्या बारीक शेवयांत भरपूर पिवळा बलक असतो, फोंदुता या चीजच्या सॉसमध्येही अंडं असतं, आन्योलोत्ती देल प्लिन या भरलेल्या पास्त्याच्या पोटात मांस असतं, आणि रिसोत्तो या भातात मांस उकळलेलं पाणी घातलेलं असू शकतं. पार्मेजानो चीज बनवताना दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. अंडं चालत असेल तर तळलेल्या अंड्यावर ट्रफल घ्या, त्याहून चांगलं काही नाही. जैन मंडळींनी तर ही जमिनीखालची बुरशी आहे हे तिकीट काढण्याआधीच लक्षात घ्यावं.

पानात पांढरं ट्रफल कच्चंच किसतात, गरम लोणी-चीजवर. ते शिजवलं की वास उडाला. आणि त्यावर बॅगेतला ठेचा काढणं... असो. वाढप्यानं किसायला घेतलं की थांबवायचं तुम्हीच असतं. आधी आणि नंतर वजन करतात आणि तेवढ्याचे पैसे लावतात. माणशी 8-10 ग्रॅम पुरतं. भाव वर्षाप्रमाणे बदलतो, तेव्हा दर आधी विचारा. लाजू नका, तिथलेही विचारतात.

घरी आणताना

ट्रफल तेल भेट म्हणून घेणार असाल तर लेबल वाचा. "आरोमा" हा शब्द दिसला तर आत बहुधा 2,4-डायथायापेंटेन नावाचं प्रयोगशाळेतलं रसायन आहे. खऱ्याचा वास तेलात फार दिवस टिकतच नाही.

ताजं घेतलंत तर तांदळात पुरू नका. आपल्याला आंबे पिकवायची सवय, पण ट्रफल म्हणजे आंबा नव्हे. तांदूळ त्याचं पाणी ओढून घेतो आणि हाती सुकलेला गोटा उरतो. धुऊ नका, माती तशीच राहू द्या. टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. कागद रोज बदला. आठवड्याभरात संपवा.

बरणीत जागा असेल तर शेजारी दोन अंडी ठेवा. कवचाला बारीक छिद्रं असतात, वास आत शिरतो. तोरिनोच्या भाड्याच्या खोलीत तिसऱ्या दिवशी आम्ही ती अंडी लोण्यात फोडली. ट्रफल आदल्या रात्रीच संपलं होतं, तरी तव्यावरून वास तोच आला.