वसईतल्या आमच्या ओट्यावरचा तारा

नाताळच्या दहा दिवस आधी आम्ही ओट्यावर बांबूच्या काड्या घेऊन बसतो. दोन-दोन फुटांच्या 10 काड्या घ्या, पाच-पाच काड्यांचे दोन तारे सुतळीने बांधा. एकावर एक ठेवून पाचही टोकं घट्ट आवळा. मग आतल्या पाच जोडांत चार इंची काड्या उभ्या अडकवा. तारा टम्म फुगतो, आणि धाकटी दर वर्षी इथेच टाळ्या वाजवते!

पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवा. खळ काडीलाच लावा, ओला कागद लगेच फाटतो. मागे बल्बपुरती जागा सोडा. बल्ब एलईडीच हवा, जुना पिवळा तापून कागद करपवतो.

त्याच दिवशी वाटीत नाचणी पेरा. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी हेच गवत, 24 तारखेपर्यंत हिरवंगार.