संसदेची कार्यसूची वाचताय? या चुका टाळा

अधिवेशन सुरू झालं की सकाळी साडेदहापासून माझा फोन वाजायला लागतो. ‘सर, आज ते विधेयक पास होतंय ना?’ मी विचारतो, सूची, म्हणजे सभागृहाच्या त्या दिवसाच्या कामाची यादी, उघडलीस का? पलीकडे शांतता. कुणाच्या तरी पोस्टमधला सूचीचा अर्धवट कापलेला फोटो तेवढा पाहिलेला असतो.

सगळ्यात मोठा घोळ ‘मांडलं’ आणि ‘मंजूर’ यांतला. मी डेस्कवर असताना तो आमच्याच हातून झालाय. शुक्रवारची दुपार होती. नवा उपसंपादक टीव्हीवर लोकसभा लावून बसलेला. पीठासीन अधिकाऱ्यांनी एका खासदाराचं नाव पुकारलं, त्यानं उठून एक वाक्य म्हटलं. मग ‘जो पक्ष में हैं वे हाँ कहें’, चार-सहा हाँ, आणि ‘प्रस्ताव स्वीकृत हुआ’. पोरानं ठोकून दिलं: ‘लोकसभेत विधेयक मंजूर’. दहा मिनिटं ती बातमी आमच्या साइटवर झळकत होती. काढायला लावली तर म्हणतो, ‘पण सर, हाँ तर सगळे म्हणाले.’ म्हणाले रे बाबा, पण कशाला? विधेयक मांडायच्या परवानगीला! शिवाय ते होतं अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं. अशी विधेयकं शुक्रवारी दुपारी एका दमात ढीगभर मांडली जातात. स्वातंत्र्यानंतर त्यांतल्या फक्त 14 विधेयकांचे कायदे झाले आणि 1970 नंतर एकाचाही नाही. 2015 मध्ये तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेनं मंजूर केलं, पण लोकसभेतून ते काही पार झालं नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी: सूची छापून घ्यायची आणि विधेयकाच्या नावाआधी ओळीतलं क्रियापद वाचायचं. पुरःस्थापित करणं म्हणजे नुसतं मांडणं, त्यापुढे समासात पेन्सिलीनं ‘मां’. विचारार्थ घेऊन पारित करणं असेल तर ‘मं’. ‘मं’ नसलेल्या ओळीवर ‘मंजूर होणार’ असं लिहायचं नाही. पेन्सिल कशाला, ॲप आहे की, असं हल्लीची पोरं म्हणतात. ॲपनं चूक केली की माफी मला मागावी लागते.

दुसरी चूक पैशात पडते. अधिवेशनाआधी सरकार काय-काय आणू पाहतंय त्याची यादी संसदेच्या बुलेटिनमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, येते. ही यादी म्हणजे इरादा. 23 नोव्हेंबर 2021 च्या संध्याकाळी अशाच यादीत क्रिप्टोकरन्सीचं विधेयक दिसलं. सोबतच्या दोन ओळींत खासगी क्रिप्टोवर बंदी असं लिहिलेलं. काही तासांत भारतीय एक्स्चेंजवर भाव कोसळले. आमच्या ऑफिसातल्या एकानं रात्रीच होतं-नव्हतं ते विकून टाकलं आणि सकाळी मला म्हणाला, ‘वाचलो.’ अधिवेशन 22 डिसेंबरला संपलं, विधेयक मांडलंच गेलं नाही. त्याच यादीतलं कृषी कायदे मागे घेण्याचं विधेयक मात्र 29 नोव्हेंबरला, पहिल्याच दिवशी, दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झालं. यादी एकच, नशीब वेगवेगळं.

उलटही होतं. रात्री सूची पाहून निवांत झोपाल तर फसाल. महिला आरक्षणाचं विधेयक 19 सप्टेंबर 2023 ला पुरवणी सूचीतून आलं. म्हणून मी सूची सकाळी दहाला एकदा आणि जेवणानंतर पुन्हा उघडतो. याच विधेयकानं आणखी एक गोंधळ घातला. ते 128 वं घटनादुरुस्ती विधेयक, पण झाली ती 106 वी घटनादुरुस्ती. विधेयकांचा क्रमांक वेगळा, झालेल्या दुरुस्त्यांचा वेगळा. जीएसटीचंही तेच: विधेयक 122 वं, दुरुस्ती 101 वी. दोन्ही आकडे एकाच बातमीत आपापल्या जागी लिहा, वाचक फोन करणार नाहीत.

प्रस्तावांबद्दल थोडक्यात. नोटीस दिली म्हणजे चर्चा ठरली असं नव्हे. राज्यसभेत नियम 267 खाली, म्हणजे ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून चर्चा मागणाऱ्या, नोटिशींचा रोज पाऊस पडतो आणि रोज त्या फेटाळल्या जातात. लोकसभेत नियम 193 च्या चर्चेला मतदान नसतं, 184 च्या प्रस्तावाला असतं. अविश्वास प्रस्ताव चर्चेला घ्यायचा तर त्याच्या बाजूनं किमान 50 सदस्य उभे राहावे लागतात.

आता प्रश्न. ‘आमच्या खासदारांनी संसदेत आवाज उठवला’ या मथळ्याखालचे निम्मे प्रश्न अतारांकित असतात. त्यांचं उत्तर पटलावर लेखी ठेवलं जातं, आवाज कुणी उठवत नाही. तोंडी उत्तर तारांकिताला. लोकसभेत ते दिवसाला 20 लागतात, पण सगळे पुकारले जातील या भरवशावर राहू नका. नोव्हेंबर 2019 मध्ये एकदा विसाच्या वीस झाले, तर ते 1972 नंतर पहिल्यांदाच घडलं म्हणून बातमी झाली. प्रश्न कुठे गायब झाला असं विचारण्याआधी मंत्रालयाचा वार बघा. प्रत्येक खात्याला आठवड्यातला एक दिवस ठरलेला असतो, कांद्याचा प्रश्न भलत्या दिवशी शोधून सापडत नाही.

आणि उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं आलं तर फाइल बंद करू नका. ते सरकारचं आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. मी वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकून ठेवतो. ते पान भरलंय, आता पाठच्या पुठ्ठ्यावर लिहितोय.